राहते घर आणि उत्तरायुष्यातील राहणीमान : बोर्डी परिसराच्या संदर्भात रिव्हर्स मॉर्गेजचा विचार

सारांश

निवृत्तीनंतर नियमित उत्पन्न घटते; परंतु आयुष्यभराच्या बचतीतून उभे राहिलेले घर मात्र मूल्यवान होत जाते. या घराचे मूल्य हयातीतच मोकळे करून ते राहणीमान उंचावण्यासाठी वापरावे काय, हा प्रश्न आता मध्यमवर्गीय कुटुंबांपुढे उभा आहे. प्रस्तुत लेखात रिव्हर्स मॉर्गेज या योजनेचे स्वरूप, तिच्या अटी व त्यामागील व्याजाचे गणित स्पष्ट केले असून पालघर जिल्ह्यातील बोर्डी परिसरात ही योजना कितपत लागू पडते याची चर्चा केली आहे. घराचे मूल्य स्वतःसाठी वापरणे गैर नाही. मात्र ते केव्हा, कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या खर्चासाठी वापरावयाचे, यावर निर्णयाची योग्यता अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रिव्हर्स मॉर्गेज, ज्येष्ठ नागरिक, राहते घर, चक्रवाढ व्याज, मालकी हक्क, बोर्डी.

१. प्रस्तावना

डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेजवळ वसलेले बोर्डी हे गाव चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे असलेला समुद्रकिनारा आणि शिक्षणाची परंपरा यांसाठी परिचित आहे. येथील माध्यमिक शाळा १९२० साली सुरू झाली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य येथेच आरंभिले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अशा गावात शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या व्यक्तींची घरे असणे स्वाभाविक आहे. मुले नोकरीनिमित्त मुंबई, वापी, सुरत अथवा परदेशी गेलेली, घरात दोन वृद्ध माणसे, आणि त्यांच्या नावावर असलेली सर्वांत मोठी संपत्ती म्हणजे ते राहत असलेले घर, असे चित्र या किनाऱ्यावरील अनेक गावांत दिसते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू झाली. त्या वर्षानंतर सेवेत आलेली पिढी आता निवृत्तीच्या दिशेने वाटचाल करीत आहे. जुन्या निवृत्तिवेतनाला महागाई भत्त्याची जोड होती. अंशदानातून उभ्या राहणाऱ्या निधीला तशी शाश्वती नसते. विनाअनुदानित वा तासिका तत्त्वावर आयुष्य काढलेल्या अध्यापकांची स्थिती याहून बिकट आहे. त्यामुळे ‘घर आहे, पण हातात पैसा नाही’ ही अवस्था पुढील काळात अधिक जणांच्या वाट्याला येण्याचा संभव आहे.

अशा वेळी घराच्या मूल्यातून दरमहा काही रक्कम मिळत असेल, तर ती औषधपाण्यापुरतीच वापरावी, की प्रवास, घराचे नूतनीकरण, वाहन, मुलांकडे परदेशी जाणे अशा हौसेच्या गोष्टींसाठीही वापरावी, हा या लेखाचा विषय आहे.

२. संकल्पना आणि पार्श्वभूमी

नेहमीच्या गृहकर्जात कर्जदार प्रथम मोठी रक्कम घेतो आणि हप्त्याहप्त्याने ती फेडत घराचा पूर्ण मालक होतो. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये हा क्रम उलटा असतो. घराचा मालक घर तारण ठेवतो, बँक त्याला दरमहा वा ठराविक कालावधीने रक्कम देते, आणि कर्ज व त्यावरील व्याज साठत जाते. कर्जदार व त्याचा जोडीदार हयात असेपर्यंत आणि त्या घरात राहत असेपर्यंत परतफेड करावी लागत नाही. दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे, अथवा बँकेने घर विकून आपली रक्कम वसूल करावी व उरलेली रक्कम वारसांना द्यावी, अशी ही व्यवस्था आहे.

भारतात २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी या योजनेची घोषणा केली. त्यानंतर राष्ट्रीय आवास बँकेने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पंजाब नॅशनल बँकेने आपल्या योजनेला ‘बागबान’ असे नाव दिले. स्टेट बँकेसह अन्य बँकांनीही अशा योजना आणल्या. २००८ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात दोन महत्त्वाच्या तरतुदी केल्या. अधिसूचित योजनेखाली घर तारण ठेवणे हे ‘हस्तांतरण’ मानले जाणार नाही, ही पहिली. आणि अशा कर्जापोटी मिळणारी रक्कम उत्पन्न समजली जाणार नाही, ही दुसरी. २००९ मध्ये बँकेसोबत विमा कंपनीला जोडून आजीवन रक्कम देणारा प्रकारही आणण्यात आला. तथापि या सर्व प्रयत्नांना देशात मिळालेला प्रतिसाद अत्यल्पच राहिला.

या अल्प प्रतिसादाचे कारण केवळ अज्ञान असे मानणे योग्य होणार नाही. ‘गहाण’ या शब्दाला आपल्या समाजात, आणि विशेषतः डहाणू-तलासरी भागात, एक इतिहास आहे. लग्नाच्या खर्चासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घेतलेल्या वारली तरुणाला पत्नीसह वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबावे लागे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने केलेल्या लढ्यातून ही प्रथा व वेठबिगार मोडून निघाली. एका समारंभाच्या खर्चासाठी आयुष्य गहाण पडण्याची ही स्मृती या तालुक्यात फार जुनी नाही. बँकेच्या नियमबद्ध कर्जाची तुलना त्या शोषणाशी करता येणार नाही. परंतु क्षणाच्या खर्चासाठी दीर्घकाळाचे बंधन पत्करावे काय, हा प्रश्न तेव्हाही होता व आजही आहे.

३. योजनेतील प्रमुख अटी

राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील निर्णयाशी निगडित असलेल्या अटी पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) अर्जदाराचे वय किमान ६० वर्षे असावे. पती-पत्नी संयुक्त अर्जदार असल्यास एकाचे वय ६० पूर्ण व दुसऱ्याचे किमान ५५ असावे लागते.

(आ) घर स्वकष्टार्जित, स्वतःच्या वास्तव्याचे, निर्वेध मालकी हक्काचे असावे आणि इमारतीचे उर्वरित आयुष्य किमान २० वर्षे असावे.

(इ) कर्जाचा विनियोग घरदुरुस्ती, वैद्यकीय खर्च, निवृत्तिवेतनाला पूरक उत्पन्न अथवा अन्य रास्त गरज यांसाठी करता येतो. सट्टा, व्यापार व धंदा यांसाठी तो करता येत नाही. एकरकमी मोठी उचल मात्र प्रामुख्याने वैद्यकीय उपचारांसारख्या विशेष गरजेपुरती, पात्र रकमेच्या निम्म्यापर्यंत व ठराविक कमाल मर्यादेत ठेवली आहे.

(ई) घराच्या मूल्याचे किमान पाच वर्षांतून एकदा पुनर्मूल्यांकन होते.

(उ) घर विकून येणारी रक्कम कर्जापेक्षा कमी भरली, तरी उरलेली बाकी कर्जदाराकडून वा वारसांकडून वसूल केली जात नाही. वारसांना कर्ज फेडून घर राखण्याची प्रथम संधी मिळते.

(ऊ) कर्जदार सलग एक वर्ष त्या घरात राहिला नाही, घरपट्टी व विमा भरला नाही, घराची निगा राखली नाही, अथवा घर वा त्याचा भाग भाड्याने दिला, तर बँक कर्ज मुदतीपूर्वी परत मागू शकते.

येथे एक बाब लक्षात घ्यावी लागेल. योजनेने हौसेच्या खर्चाला थेट मनाई केलेली नाही. दरमहा मिळणारी रक्कम निवृत्त व्यक्तीने भाजीवर खर्च करावी की प्रवासावर, हे बँक विचारत नाही. मात्र एकरकमी उचलीवर मर्यादा घालून योजनेच्या रचनाकारांनी आपली सावध भूमिका व्यक्त केली आहे. या सावधपणाचे कारण पुढील गणितात आहे.

४. व्याजाचे गणित

समजा, एका घराचे मूल्य ५० लाख रुपये असून त्याच्या ६० टक्के, म्हणजे ३० लाख रुपयांपर्यंत मुद्दल व व्याज मिळून कर्ज साठू देण्यास बँक तयार आहे. व्याजदर वार्षिक १० टक्के व आकारणी दरमहा धरू. हे आकडे तत्त्व समजावे म्हणून घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर व प्रमाण बँकेनुसार व वयानुसार बदलते.

तक्ता क्र. १ : ३० लाखांच्या मर्यादेत मिळू शकणारी मासिक रक्कम

| मुदत | दरमहा रक्कम (रु.) | हाती येणारी एकूण रक्कम (लाख रु.) | व्याज (लाख रु.) |
|---|---|---|---|
| १० वर्षे | १४,६४५ | १७.५७ | १२.४३ |
| १५ वर्षे | ७,२३८ | १३.०३ | १६.९७ |
| २० वर्षे | ३,९५१ | ९.४८ | २०.५२ |

या तक्त्यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ५० लाखांचे घर असूनही २० वर्षांच्या मुदतीत दरमहा ४ हजार रुपयेही हाती येत नाहीत. दुसरी, मुदत जितकी लांब तितका घराच्या मूल्यातील मोठा वाटा व्याजात जातो. २० वर्षांच्या मुदतीत ३० लाखांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक रक्कम व्याजाची आहे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट वयाशी निगडित आहे. ६२ व्या वर्षी २० वर्षांसाठी कर्ज घेणाऱ्यास दरमहा ३,९५१ रुपये मिळतात. तोच कर्जदार ७२ व्या वर्षापर्यंत थांबून १० वर्षांसाठी कर्ज घेईल, तर त्याला १४,६४५ रुपये, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक रक्कम मिळते. वाढत्या वयाबरोबर मूल्याच्या किती टक्के कर्ज द्यावयाचे ते प्रमाणही साधारणतः वाढत असल्याने प्रत्यक्षातील फरक याहून मोठा असू शकतो.

एकरकमी रकमेचे गणित अधिक बोलके आहे. घर तारण ठेवून पाच लाख रुपये उचलले आणि मध्ये काहीच परतफेड केली नाही, तर वरील दराने १० वर्षांनी सुमारे १३.५४ लाख, १५ वर्षांनी २२.२७ लाख आणि २० वर्षांनी ३६.६४ लाख रुपये देणे होते. म्हणजे ६२ व्या वर्षी केलेल्या पाच लाखांच्या परदेश प्रवासाची किंमत ८२ व्या वर्षी घराच्या मूल्यातून छत्तीस लाखांहून अधिक वजा होते. त्याच काळात घराचे मूल्यही वाढते, हे खरे. वार्षिक ५ टक्के वाढ धरली तर ५० लाखांचे घर २० वर्षांनी सुमारे १३२ लाखांचे होईल. २ टक्केच वाढ झाली तर ते ७४ लाखांवरच राहील. पहिल्या स्थितीत तो प्रवास घराच्या सुमारे पावपट मूल्याला पडला; दुसऱ्या स्थितीत जवळजवळ निम्म्या मूल्याला.

याशिवाय मुदत संपल्यावर मासिक रक्कम थांबते. कर्जदाराला घराबाहेर काढले जात नाही. परंतु व्याज साठतच राहते आणि हाती काही येत नाही. ६२ व्या वर्षी सुरू झालेली रक्कम ८२ व्या वर्षी, म्हणजे मदतनीस, औषधे व शुश्रूषा यांचा खर्च सर्वाधिक असताना, बंद पडते. तरुण वार्धक्यातील सुखासाठी वृद्ध वार्धक्यातील आधार खर्च होण्याचा हा धोका आहे, आणि घराचे मूल्य राहणीमानासाठी वापरण्यावरील खरा आक्षेप हाच आहे. हा आक्षेप नैतिक नाही. तो कालक्रमाचा आहे.

५. अन्य देशांतील अनुभव

माणूस किती जगेल याचा अंदाज चुकतो, याचे सर्वपरिचित उदाहरण फ्रान्सचे आहे. तेथील ‘व्हियाजे’ पद्धतीत खरेदीदार वृद्ध मालकाला हयातभर रक्कम देतो व मृत्यूनंतर घर त्याचे होते. १९६५ मध्ये आर्ल येथील ९० वर्षांच्या जान काल्माँ यांच्याशी एका वकिलाने दरमहा २,५०० फ्रँकचा असा करार केला. काल्माँ १२२ वर्षे जगल्या व १९९७ मध्ये निवर्तल्या. तो वकील त्यांच्या आधी, १९९५ मध्ये वारला आणि रक्कम देण्याचे दायित्व त्याच्या कुटुंबावर आले. तेथे दीर्घायुष्याची जोखीम खरेदीदाराने उचलली होती. मर्यादित मुदतीच्या रिव्हर्स मॉर्गेजमध्ये ती जोखीम बऱ्याच अंशी वृद्धाकडेच राहते, हा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक वृद्धांनी घर तारण ठेवून घेतलेली रक्कम बाजाराशी निगडित रोख्यांत गुंतवली. पुढे व्याजदर चढले, घरांच्या किमती घसरल्या आणि कर्ज घराच्या मूल्यापुढे गेले. त्यानंतर १९९१ मध्ये तेथील कर्जदात्यांच्या संघटनेने देणे घराच्या मूल्यापलीकडे जाणार नाही अशी हमी देणारे नियम स्वीकारले. अमेरिकेत सरकारी विम्याचे संरक्षण असलेली योजना १९८० च्या दशकाअखेर सुरू झाली. परंतु पहिल्याच वर्षी सर्व रक्कम उचलणारे कर्जदार पुढे घरपट्टी व विमा भरू शकत नाहीत, असे आढळल्याने २०१३ मध्ये पहिल्या वर्षीच्या उचलीवर सर्वसाधारणपणे ६० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. दोन्ही देशांच्या अनुभवाचे सार एकच आहे : लवकर व एकदम केलेली उचल हीच अडचणीचे मूळ ठरली.

६. बोर्डीतील घर : हक्क, वास्तव्य आणि मूल्य

ही योजना प्रामुख्याने शहरातील सदनिका डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. बोर्डीसारख्या गावात ती लागू करताना काही प्रश्न उद्भवतात.

पहिला प्रश्न मालकी हक्काचा आहे. गावठाणातील घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना क्र. ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे कार्य हाती घेतले गेले, त्यामुळे ही उणीव भरून निघण्यास मदत होते. तरीही वडिलोपार्जित घरावर अनेक वारसांची नावे असणे, वाटणी न झालेली असणे, मृत व्यक्तींची नावे कमी न झालेली असणे हे सर्वत्र आढळते. स्वकष्टार्जित व निर्वेध हक्काची अट अशा घरांना आपोआप बाहेर ठेवते.

दुसरा प्रश्न वाडीचा आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू-घोलवड चिकूची वाडी ही या भागातील खरी संपत्ती. परंतु योजना निवासी घरापुरती आहे. शेतजमिनीचे मूल्य त्यात धरले जात नाही. वाडीत बांधलेल्या, पण बिनशेती न झालेल्या जमिनीवरील घराबाबत बँक सहसा अनुकूल नसते. म्हणजे लोकांच्या मनात असलेली ‘घराची किंमत’ ही बहुधा वाडीसह असते आणि बँकेची किंमत केवळ वास्तूची असते.

तिसरा प्रश्न कायदेशीर निर्बंधांचा. डहाणू व तलासरी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार आदिवासी व्यक्तीच्या जमिनीचे बिगर-आदिवासीकडे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय होऊ शकत नाही. हे संरक्षण आवश्यकच आहे. पण तारण विकून वसुली करणाऱ्या योजनेचा लाभ त्यामुळे येथील बहुसंख्य रहिवाशांपर्यंत पोहोचणे कठीण आहे, हेही मान्य करावे लागते. किनाऱ्यालगतच्या घरांना सागरी किनारा नियमनाचे निर्बंध आहेत.

चौथा प्रश्न वास्तव्याचा आहे आणि व्यवहारात तोच अधिक जाचक ठरण्याचा संभव आहे. मोठ्या आजारासाठी बोर्डीकरांना वापी, वलसाड वा मुंबई गाठावी लागते. वृद्ध दांपत्यापैकी एकाचा दीर्घ उपचार सुरू झाला की दोघेही मुलाकडे राहावयास जातात आणि वर्ष सहज उलटते. सलग एक वर्षाच्या अनुपस्थितीची अट अशा वेळी लागू होऊ शकते. तसेच पर्यटनामुळे येथे घरातील दोन खोल्या पाहुण्यांना देऊन उत्पन्न मिळवण्याचा मार्ग खुला झाला आहे. परंतु घर वा त्याचा भाग भाड्याने देणे हे योजनेच्या अटींचा भंग ठरते. म्हणून बोर्डीत घरातून उत्पन्न मिळवण्याचे हे दोन मार्ग एकमेकांना पूरक नसून पर्यायी आहेत.

पाचवा प्रश्न भावी मूल्याचा. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. उद्योग व जमीन-वापरातील बदल यांवर आलेल्या मर्यादांमुळे वाड्या टिकल्या व बांधकामाचा बाजार संयत राहिला. दुसरीकडे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या वाढवण बंदरामुळे जमिनीच्या किमती वाढतील अशी अपेक्षा आणि मासेमारी व परिसर यांवरील परिणामांची चिंता, अशा दोन्ही भावना या तालुक्यात आहेत. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या सौम्य धक्क्यांची मालिका सुरू झाली व अनेक घरांना तडे गेले. इमारतीचे उर्वरित आयुष्य, विमा व निगा या अटींचा अर्थ येथे वेगळा होतो. मूल्याबाबत अशी दुहेरी अनिश्चितता असताना, घराच्या मूल्यापलीकडे देणे नसण्याची तरतूद हा कर्जदाराच्या बाजूचा खरा लाभ ठरतो. परंतु मूल्य वाढेल असा विश्वास असणाऱ्याने मात्र आजच्या मूल्यांकनावर बांधून घेण्याची घाई करू नये.

७. राहणीमानाचा खर्च : एक भेद

‘हौस’ व ‘गरज’ अशी सरळ विभागणी येथे अपुरी पडते. घरात आतल्या बाजूस कमोड असलेले न्हाणीघर बांधणे, जिन्याऐवजी तळमजल्यावर झोपण्याची खोली करणे, वीज गेल्यावर पंखा चालावा म्हणून इन्व्हर्टर बसविणे हे खर्च बाह्यतः सुखसोयींचे वाटले, तरी ते वृद्धाला आपल्याच घरात अधिक काळ राहता यावे यासाठी असतात. ज्या योजनेची मूळ अटच वास्तव्य ही आहे, तिच्याशी हे खर्च सुसंगत आहेत. दरमहा स्वयंपाकास वा सोबतीस कोणी ठेवणे हाही याच वर्गातील खर्च होय.

दुसरा वर्ग एकदाच होणाऱ्या, पण पुढे ढकलता न येणाऱ्या इच्छांचा आहे. नातवंडाला पाहण्यासाठी परदेशी जाणे ६५ व्या वर्षी शक्य असते; ८० व्या वर्षी पैसा असूनही शरीर साथ देत नाही. अशा खर्चाला ‘उधळपट्टी’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र तो घर तारण ठेवून नव्हे, तर प्रथम बचतीतून व्हावा, कारण ठेवीवरील गमावलेले व्याज हे कर्जावर चढणाऱ्या व्याजापेक्षा सर्वसाधारणतः कमी असते.

तिसरा वर्ग दिखाऊ वा इतरांसाठी केलेल्या खर्चाचा : मोठे वाहन, समारंभ, नातेवाइकांना द्यावयाची रक्कम, मुलाच्या धंद्यासाठी भांडवल. यांतील शेवटच्या गोष्टीस योजनाच परवानगी देत नाही. उरलेल्या गोष्टींसाठी घराचे मूल्य वापरणे म्हणजे स्वतःच्या ऐंशीव्या वर्षाकडून कर्ज घेण्यासारखे आहे.

८. वारसांचा प्रश्न आणि अन्य पर्याय

मुलांसाठी घर राखणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते. परंतु घर राखण्यासाठी आईवडिलांनी औषध टाळावे, हे कोणत्याही मुलाला रुचणार नाही. निर्णयापूर्वी वारसांशी बोलणे ही कायद्याची अट नसली, तरी पुढे कर्ज फेडून घर सोडवावयाचे ते त्यांनीच, म्हणून ते आवश्यक आहे. कित्येकदा अशा चर्चेतूनच मुले दरमहा तेवढी रक्कम देण्यास पुढे येतात व बँकेचे व्याज वाचते. या उलट, देखभालीच्या आशेवर हयातीतच बक्षीसपत्र करून घर मुलांच्या नावे करणाऱ्यांनी आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मधील कलम २३ ध्यानी घ्यावे. देखभालीच्या अटीवर केलेले हस्तांतरण, ती अट मोडल्यास रद्द ठरविण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून ती अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी.

अन्य पर्यायही आहेत. ज्यांची मुंबईत सदनिका व बोर्डीत घर आहे, त्यांनी एक विकून दुसऱ्यात राहणे हा व्याजाचा भार नसलेला सर्वांत सरळ मार्ग होय. वाडीचा तुकडा विकावयाचा तर कूळकायद्यानुसार सर्वसाधारणपणे शेतकऱ्यासच विकता येतो, त्यामुळे ग्राहक मर्यादित असतो; वाडीतील फळे हंगामासाठी ठेक्याने देणे हा सौम्य उपाय आहे. खोल्या पाहुण्यांना देणे हा शरीर साथ देत असेपर्यंतचा मार्ग आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून निर्णयाचा पुढील क्रम सुचविता येईल.

१) निर्णयाचा विचार नसला तरी मालकीची कागदपत्रे ६० व्या वर्षापूर्वीच निर्वेध करून घ्यावीत. मिळकत पत्रिका, वारस नोंद व वाटणी यांना वर्षे लागतात आणि गरज पडते त्या वेळी धावपळ करण्याची शक्ती नसते.

२) साठ ते सत्तर या दशकात राहणीमानाचा खर्च निवृत्तिवेतन, बचत, वाडी व खोल्यांचे उत्पन्न यांतून भागवावा. घराचे मूल्य या काळात राखीव ठेवावे.

३) सत्तरीनंतर उत्पन्न अपुरे पडत असल्यास मासिक स्वरूपात, शक्य तेवढ्या उशिरा व आवश्यक तेवढ्याच रकमेसाठी रिव्हर्स मॉर्गेजचा विचार करावा. आजीवन रक्कम देणारा प्रकार उपलब्ध असल्यास मर्यादित मुदतीच्या प्रकाराशी त्याची तुलना अवश्य करावी.

४) घरात राहणे सुलभ करणाऱ्या खर्चास अग्रक्रम द्यावा, एकरकमी उचल केवळ उपचारांसाठी राखावी.

५) पुढील काही वर्षांत मुलांकडे राहावयास जाण्याचा संभव असल्यास ही योजना स्वीकारू नये.

१०. समारोप

घर हे केवळ वारसांना देण्याची वस्तू नसून ते उभारणाऱ्याच्या उत्तरायुष्याचाही आधार आहे, हा विचार रिव्हर्स मॉर्गेज योजनेने मांडला व तो स्वागतार्ह आहे. परंतु हा आधार एकदाच वापरता येतो आणि लवकर वापरला तर त्यातील मोठा वाटा व्याजात जातो. बोर्डीसारख्या गावात हक्काची कागदपत्रे, वाडीचे स्वरूप व उपचारांसाठी गाव सोडण्याची अपरिहार्यता यांमुळे योजनेची उपयुक्तता आणखी मर्यादित होते. म्हणून ‘माझ्या घराची किंमत किती’ या प्रश्नापेक्षा ‘मी ऐंशी वर्षांचा होईन तेव्हा या घरात माझ्यासाठी काय उरलेले असेल’ हा प्रश्न प्रत्येकाने निवृत्तीपूर्वीच स्वतःला विचारावयास हवा. त्याचे उत्तर समाधानकारक असेल, तर मधल्या काळातील प्रवास, सोयी व हौस यांचा आनंद निःशंक मनाने घेण्यास कोणतीही हरकत नाही.